पाखरांसाठी काजू

"पाखरांसाठी," असं कृष्णकांत म्हणाले आणि तिथंच दाजीच्या मनात पाल चुकचुकली.

कोन गावात दाजीचं उरलंसुरलं वीस गुंठे भाताचं शेत. बाकीची जमीन मागेच रस्त्यात गेली. तेव्हा गावातल्या काशिरामने मोजणीच्या आधी घाईघाईने आंबे-फणस रोवले आणि झाडागणिक भरपाई उचलली. दाजी आपला भात लावत बसला. बायको भामा ते अजून जेवताना उकरून काढते. आता शेजारचा तुकडा मुंबईच्या कृष्णकांतांनी घेतला होता. माणूस सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, आणि विचारत काय होता, तर काजू, जांभूळ, उंबर यातलं इथं काय जगेल? निम्मी फळं पाखरांना, निम्मी नातवंडांना.

अहो, दाजीचा उभा जन्म गोफण घेऊन पाखरं हाकण्यात गेला. त्यांच्यासाठी कुणी पदरमोड करून झाडं लावतो होय?

दुसऱ्या दिवशी कृष्णकांतांनी टेप लावून खड्डे आखले. तिसऱ्या दिवशी प्रत्येक रोपाला नंबराची पट्टी बांधून मोबाइलवर फोटो काढले. दाजी बांधाआडून सगळं बघत होता. घरी येऊन तो भामाला म्हणाला, "पंचनाम्याची तयारी हाय ही. कचेरीतला मानूस, त्याला आतली खबर लागली. रस्ता रुंद व्हनार."

"मंग या खेपेला पन भातच लावा," भामा म्हणाली.

ते मात्र वर्मी लागलं. दाजीने नर्सरीतून चाळीस काजू आणले. बांध भरला, तसे थेट भाताच्या खाचरात रोवले. ते पाहून काशिराम साठ घेऊन आला. आठवडाभरात कोनमध्ये भाताचं बियाणं कुणी विचारीना.

मग एका सकाळी कृष्णकांत आले. चेहरा पार उतरला होता. त्यांनी दाजीला बाजूला घेतलं.

"दाजी, खरं सांगा. रस्ता रुंद होतोय ना? आयुष्याची पुंजी घातलीय हो आम्ही इथे. तुम्ही इथले जुने, तुम्हाला आधी कळतं. नाहीतर भाताच्या खाचरात काजू कोण लावतं?"

दाजीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मोठा बेरकी मानूस, त्याच्या मनात आलं. आपल्याच पोटातलं काढायला आलाय.

"पाखरांसाठी," दाजी म्हणाला.

आणि लगबगीने घरी येऊन त्याने भामाला सांगितलं, "अगो, खबर पक्की. सायब सोताच बोलला. अजून वीस काजू आनतो."