सगुणाराजे यांनी ब्रेक लाविल्याची बखर

श्री वेशीवरील मारुती समर्थ. एका उड्डाणात सागर ओलांडिला, परंतु वाटेने जाणाऱ्या निरपराध्यास धक्का लाविला नाही, त्या देवास नमन करून लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध दशमीचे दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव घेणे आम्हास सोयीचे नाही, महाराज हणमंतराव यांच्या कन्या सगुणाराजे अठरा वर्षांच्या जाहल्या, आणि त्यांनी हट्ट धरिला की मागे बसून फिरणे पुरे, आता मोटार आपण हाकणार. महाराजांस हर्ष जाहला. मग गोंदजी नाईक म्हणोन मोटारीचे चाबूकस्वार, शिकवणीचा वर्ग चालवून पोट भरणारे, त्यांस बोलावून आज्ञा केली की, "बाईसाहेबांस शिकवावे, परंतु रागे भरू नये. आमचे घराण्यात आजवर कोणी कोणाचे ऐकून घेतलेले नाही."

नाईकांची शिकवणीची गाडी ऐसी की तिजला ब्रेक दोन ठिकाणी. एक शिकणाराचे पायाशी आणि एक शिकविणाराचे पायाशी. मग बाईसाहेब स्टिअरिंग धरीत, हॉर्न वाजवीत, एका हाताने ओढणी सावरीत, आणि पुढे म्हैस आली, शाळेची पोरे आली, की नाईक आपले पायाने हळूच ब्रेक दाबीत. "ब्रेक लावा" म्हणावे तर मर्जी जाईल, न म्हणावे तर म्हैस जाईल, ऐसा पेच पडला, आणि नाईकांनी मधला मार्ग पायाने काढिला. बाईसाहेबांस वाटे की आपण थांबावे ऐसे मनी आणिले आणि मोटार थांबली. एके दिवशी त्या प्रसन्न होऊन बोलल्या, "नाईक, गाडीला माझं मन कळतं." नाईक म्हणाले, "व्हय जी. पुण्याई घराण्याची." मग परीक्षेचे दिवशीही नाईक शेजारी बसले, आणि परीक्षक लिंबाचे सावलीस खुर्ची टाकून बसले, आणि बाईसाहेबांनी आठाचा आकडा काढिला, आणि परवाना घरपोच आला. महाराजांनी पेढे वाटिले.

पुढे वैशाखात नवी मोटार आली. तिची यथासांग पूजा जाहली. चार चाकांखाली चार लिंबे, बॉनेटावर कुंकवाचे स्वस्तिक, आणि काचेवर झेंडूचा हार ऐसा थोर की समोरचा निम्मा रस्ता फुलांतच गेला. मग स्वारी देवीचे दर्शनास निघाली. शेजारी आत्याबाई गजराबाई नैवेद्याचे ताट मांडीवर घेऊन बसल्या, आणि ताट कलेल म्हणोन सीटचा पट्टा लाविला नाही. नाईकांस बरोबर घ्यावे काय, ऐसे कोणी पुसिले, तेव्हा महाराज म्हणाले, "परवाना जाहला. आता नाईक कशास?"

कुंभारवेशीपाशी रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत. ते पादचाऱ्यांनी ओलांडावे आणि मोटारींनी तेथे थांबावे म्हणोन काढिले होते, परंतु त्या राज्यात लोक ते रांगोळी म्हणोन मानितात. त्यावरून कासाबाई कुंभारीण माठांची हातगाडी ढकलीत चालली होती. बाईसाहेबांनी तीस पाहिले. पाहून थांबावे ऐसे मनी आणिले, आणि मोटार थांबण्याची वाट पाहिली. मोटार थांबली नाही.

मग माठ फुटले, हातगाडी उलटली, आणि कासाबाई पडून तिचे उजवे मनगट मोडले. आत्याबाईंचे कपाळ काचेवर आदळून टेंगूळ आले, आणि वरण काचेवरून खाली उतरले. त्या राज्याचा रिवाज ऐसा की टक्कर जाहल्यावर दोघांनी उतरावे, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची चूक नाही. म्हणोन बघे जमा जाहले. कासाबाई ओरडली, "आगं माझा हात! दिसत न्हाई व्हय गं तुला? येवढी हातगाडी हाय, मुंगी न्हाई!" आत्याबाई कपाळ धरून म्हणाल्या, "हीच मधे आली! आम्ही देवाला निघालोय!" इतक्यात वर्दी पोहोचून कोतवाल आले, पाठोपाठ महाराज आले, आणि येताना घरून नाईकांस उचलून बरोबर आणिले. मोठ्या घराण्यांचा दुसरा रिवाज तोही सांगतो, की वारसाचे हातून अपघात जाहला तर तो चाकराचे नावे घालावा. महाराज कोतवालास म्हणाले, "मोटार नाईक हाकीत होते. पंचनाम्यात तैसेच यावे." नाईकांचे घरी बायको, दोन लेकरे, आणि मोटारीवाचून दुसरा धंदा ठाऊक नाही. तरी हात जोडून म्हणाले, "व्हय जी, मीच होतो."

तेव्हा सगुणाराजे पुढे जाहल्या. बोलल्या, "आबासाहेब, नाईक घरी होते. गाडी मी चालवत होते. चूक माझी आहे."

हे शब्द त्या राज्यात रस्त्यावर पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. बघे भांडण पाहावयास आले होते, ते जागीच राहिले, आणि एक मनुष्य मोबाईल वर धरून होता त्याने तो खिशात ठेविला. मग नाईकांस रडू कोसळले. म्हणाले, "बाईसाहेब, मी खोटं बोललो, पर निम्मंच. शिकवताना रोज ब्रेक मीच मारत हुतो. मर्जी जाईल म्हणून तुम्हांला कधी सांगितलंच न्हाई." बाईसाहेबांस तेव्हा उमगले की आपण आजवर एकदाही मोटार थांबविलेली नाही. त्यांस भारी लाज वाटली. महाराज म्हणाले, "घराण्याची अब्रू गेली." त्या म्हणाल्या, "अब्रूचं मागाहून बघू. बाईंचा हात मोडलाय, आधी दवाखाना." आणि कासाबाईस धरून घेऊन गेल्या.

मग कोतवालीने परवाना तहकूब केला. कासाबाईचा हात प्लास्टरात, आणि माठ विकावयाचे दिवस तर उन्हाळ्याचेच, म्हणोन हातगाडी सगुणाराजे ढकलू लागल्या. तेव्हा त्यांस कळले की हॉर्न पाठीत कैसा लागतो, आणि पांढऱ्या पट्ट्यावर कोणी थांबत नाही तेव्हा उन्हात किती वेळ उभे राहावे लागते. प्लास्टर निघाले, परवाना परत आला, तरी मोटारीस हात लाविला नाही; आधी नाईकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून शिकवा, आणि चुकले की ओरडा." मग नाईक दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून बसले, कपाळी घाम, आणि दर वळणास ओरडत, "आरसा बघा! ब्रेक! आधी ब्रेक, मग हॉर्न!" बाईसाहेबांनी सर्व ऐकून घेतले. घराण्यात हे प्रथमच जाहले.

पुढे भाद्रपदात एके सकाळी मोटार कुंभारवेशीस आली. पट्ट्यांचे काठी कासाबाई हातगाडी धरून उभी. सगुणाराजे यांनी पाय दाबिला आणि मोटार पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. मागे हॉर्नांचा कल्लोळ उठला. कासाबाई हलेना. मुलीची ओळख होती, उन्हाळाभर हातगाडीपाशी दोघींनी एका फडक्यात भाकरी खाल्ली होती, परंतु मोटारीचा भरवसा येईना. बाईसाहेबांनी हाताने खूण केली, "या". कासाबाईने मान हलविली. मग बाईसाहेबांनी इंजिन बंद केले, किल्ली काढिली आणि खिडकीबाहेर हात काढून ती दाखविली. तेव्हा कासाबाईने हातगाडी पट्ट्यावर घातली, आणि डोळे चाकावर ठेवून, एक एक पाऊल टाकीत निघाली. मध्यावर येऊन म्हणाली, "थांबलीस व्हय गं?"

"थांबले, मावशी."

"आशीच थांबत जा," ऐसे म्हणोन पलीकडे गेली.

येणेप्रमाणे त्या राज्यात एक मोटार एकदा आपण होऊन थांबविली गेली. वरकड मोटारी चालूच आहेत. ऐकिले तैसे लिहिले; अधिक उणे वाचणाराने रस्ता ओलांडून पाहावे.