मुनीरभाई मशीनला हात लावत नाहीत

आमच्या ऑफिसातल्या मुनीरभाईंनी गेल्या बारा वर्षांत दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला एकदाही हात लावलेला नाही. आणि कंपनीचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हेच त्यांचं काम आहे.

माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून. माझं मशीन अडलं की मी म्हणते, "मुनीरभाई, पाहा ना जरा." ते मानसुद्धा वर करत नाहीत. फोन उचलतात, माझ्या टेबलावरचा फोन वाजतो आणि दीड हातावरून आवाज येतो, "बोला वानखडेताई, काय तकलीफ हाय?" मग खुर्चीत बसल्या बसल्या ते वायरीतून माझ्या मशीनमध्ये शिरतात, पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागतो आणि दोन मिनिटांत काम होतं. एकदा मी भडकले. मी तशी शांत बाई नाहीच. म्हटलं, "उठून आले असते त पाय मोडले असते का?"

"हात लावून त कोणीबी करते, ताई. न लावता करून दाखवा."

आमची बियाण्यांची कंपनी. मुख्य ऑफिस अमरावतीला, पण कॉम्प्युटरचा सगळा कारभार अकोल्यातून, जठारपेठेतल्या आमच्या ऑफिसातून चालतो. शाखा पार मोर्शी, शेंदूरजनाघाटपर्यंत. मुनीरभाई एकाही शाखेत गेलेले नाहीत. पण रोज सकाळी प्रत्येक शाखेला फोन. आधी मशीनची तब्येत, मग माणसाची. मोर्शीच्या गजाननरावांचा गुडघा कोणत्या थंडीत दुखतो हे त्यांना पाठ आहे. गजाननराव समोर आले तर मात्र ओळखणार नाहीत.

तर यंदा मोर्शीला कोणीतरी लग्नाचे फोटो पाहायला पेनड्राइव्ह लावला आणि त्यातून व्हायरस आला. झालं! अमरावतीला नुकतेच पुण्याहून आलेले तरुण साहेब खवळले. हुकूम निघाला: शनिवारी पाच वाजेपर्यंत बेचाळीसही कॉम्प्युटरवर नवीन अँटिव्हायरस पाहिजे. मुनीरभाईंनी गाडी घ्यावी, पेनड्राइव्ह घ्यावा आणि शाखोशाख फिरून तो घालावा. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीला आणि मुनीरभाई गोदामात, पोती मोजायला.

मुनीरभाईंनी फोन स्पीकरवर ठेवून, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "साहेब, त्या पेनड्राइव्हनंच त बिमारी आली, अन् इलाजबी तोच? गाडी खामखा पाठवू नका. मी इथूनच घालतो. नाही जमलं त गोदाम त गोदाम."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण हेही मनात आलं: छप्पन्न वर्षांचा दम्याचा माणूस, गोदामातल्या धुळीत किती दिवस टिकणार?

गुरुवारपर्यंत एकेचाळीस झाले. त्यांच्या पडद्यावर शाखांची यादी असते. झालेलं मशीन हिरवं, न झालेलं लाल. एकच लाल राहिलं, शेंदूरजनाघाटचं. तिथे शोभाताई ढोले एकट्या शाखा चालवतात. मुनीरभाईंनी हाक मारली की त्यांचं मशीन ओ द्यायचं. पासवर्ड बरोबर, लाइन बरोबर, जुना अँटिव्हायरस शोभाताईंनी काढून टाकलेला. तरी आत शिरायला गेलं की एकच उत्तर: परवानगी नाही.

"काहून नाही, जनाब?" मुनीरभाई पडद्याला विचारायचे. "काय गुस्ताखी झाली आमची?"

साहेबांचे दिवसातून तीन फोन. "गाडी उभी आहे."

"उभीच राहू द्या."

शनिवार उजाडला. दुपारपर्यंत लालच. मी म्हटलं, "मुनीरभाई, जिद्द पुरे झाली. जा ना गाडीनं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या मशीनकडे वळले. सव्वाचारला त्यांनी पुन्हा शोभाताईंना फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"भाऊ, लवकर करा ना," शोभाताई म्हणाल्या. "साडेचार होऊन गेले."

मुनीरभाईंनी भिंतीकडे पाहिलं. "कोणत्या घड्याळात?"

"या कॉम्प्युटरच्याच. मागच्या महिन्यात मेकॅनिक आला होता, त्याले सांगून पंधरा मिनिटं पुढं करून घेतलं."

मुनीरभाईंनी कपाळावर हात मारला. आमच्या कपाटात एक मोठा कॉम्प्युटर आहे, सगळ्या शाखांच्या मशीनची ओळखपाळख तोच ठेवतो. शाखेची वेळ त्याच्या वेळेपासून पाच मिनिटांच्या वर सरकली, की पासवर्ड कितीही खरा असो, तो ओळखच दाखवत नाही. आता यात शोभाताईंना काय बोलणार? आमच्या वऱ्हाडात कोणाच्या घरचं घड्याळ बरोबर असतं? माझंच दहा मिनिटं पुढे आहे, आणि ते पुढे आहे हे माहीत असूनही मी रोज त्याला घाबरून धावते.

"बरोबर करा ताई ते. लगेच."

"नाही करत."

बाप्पा! माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"पावणेपाचले शाखा बंद होते, पाचची बस असते," शोभाताई म्हणाल्या. "घरी माय हाय, हातरुणाले खिळलेली. शेजारीण साडेपाचपर्यंतच बसते तिच्यापाशी. मी कामात डोकं घातलं की मले वेळ समजत नाही, भाऊ. दोनदा बस चुकली. माय ओल्या कपड्यात पडून होती. मी नाही करत बरोबर. साहेबाले सांगा."

मुनीरभाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. मग म्हणाले, "ताई, घड्याळ बरोबर करा. पावणेपाच वाजले हे सांगाचं काम आजपासून माह्यं. रोज."

"विसरले त?"

"मी काय विसरीन? मले दुसरं हाय काय?"

शोभाताईंनी घड्याळ मागे घेतलं. मुनीरभाईंनी पुन्हा हाक मारली आणि दार उघडलं. अँटिव्हायरस जायला लागला, पण त्या लाइनचा वेग म्हणजे मेहेरबानीच. दहा टक्के. तीस. पावणेपाचला त्रेसष्ट. तेवढ्यात माझा फोन वाजला. अमरावतीचे साहेब. "मुनीर उचलत नाहीत. काय झालं? हिरवं झालं का?"

मुनीरभाई उचलणार कसे? ते शेंदूरजनाघाटशी बोलत होते. "ताई, पावणेपाच. उठा."

"भाऊ, अजून चालू हाय हे. जाताना मेन स्विच बंद करा लागते, तसा नियम हाय. बंद केला त तुमचं सगळं जाईन. मी थांबते, जाऊ द्या बस."

"थांबू नका! मेन चालूच ठेवा, कुलूप लावा अन् निघा. कोणी इचारलं त मुनीरनं सांगतलं म्हणा."

"अन् लाइट गेली त? तुम्हाले गोदामात टाकतीन म्हणे!"

"त गोदाम. पोती काय माणसं खाते? निघा म्हणतो ना!"

मी साहेबांना म्हटलं, "थांबा. ते महत्त्वाच्या फोनवर आहेत." आणि रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवून दिला. माझं काय व्हायचं ते होवो!

पाचला दोन मिनिटं कमी असताना लाल हिरवं झालं. मी ओरडलेच. मुनीरभाई खिडकीकडे पाहत होते. म्हणाले, "बस भेटली असन ना तिले?"

साहेबांनी कौतुकाचं पत्र पाठवलं. आता नवं औषध रोज आपोआप सगळ्या मशीनवर जातं, अडत काहीच नाही, आणि मुनीरभाईंचा फोन दिवस दिवस वाजत नाही. पण पावणेपाचला ते स्वतः लावतात. "ताई, उठा." एवढंच, आणि ठेवतात. शुक्रवारी मी म्हटलं, "मुनीरभाई, तुमचीबी सुट्टीची वेळ झाली. निघा की घरी."

त्यांनी रिसीव्हर जागेवर नीट ठेवला.

"तिच्या घरी वाट पाह्यणारं माणूस हाय, वानखडेताई. मी घाई करून कोणापाशी जाऊ?"

त्या दिवशी मी माझी बस सोडली. खुर्ची ओढली, त्यांच्याकडे तोंड करून बसले आणि दोन चहा सांगितले.