सासरेबुवांचा दुसरा ग्लास

बिअर काय, कुणीही बनवतं हो! आमच्या अमेरिकेतल्या शेबॉयगन गावात दर तिसऱ्या गॅरेजात बिअरचं पिंप आहे. पण पिंपातल्या गॅसचा दाब सांभाळावा तो मीच!

यंदा तर मी हट्टालाच पेटलो होतो. आमचे सासरेबुवा, ऑर्विल, दर खेपेला माझ्या बिअरचा एक घोट घेतात, "वेगळी आहे," म्हणतात आणि गाडीतून स्वतःचा बिअरचा डबा आणून फोडतात. वर तो तासभर न पिता नुसता समोर ठेवतात, मला खिजवायला! लग्न झाल्यापासून हेच चाललंय. या शनिवारी ते माझ्याकडे दुसरा ग्लास मागणार म्हणजे मागणारच, असं मी बायकोला बजावलं.

"आधी पहिला संपू दे," ट्रूडी म्हणाली.

गॅरेजातल्या जुन्या फ्रीजमध्ये पिंप ठेवलं, सिलिंडर जोडला, रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून दाबाचा काटा बारावर आणला. आता आठवडाभर हात लावायचा नाही, की झालं!

दुसऱ्या दिवशी काटा अठरावर! मी स्क्रू सैल केला. तिसऱ्या दिवशी बावीस! पुन्हा सैल केला, पुन्हा चढला. नवा रेग्युलेटर आणला, तोही चढला! शेवटी आमच्या बिअर मंडळातल्या रॉस्कोला फोन लावला.

"फ्रीज तापत असेल. थंडी वाढव," तो म्हणाला.

वाढवली. बिअर जितकी थंड तितका जास्त गॅस पिते, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी आठवेल तर शपथ!

शनिवारी ट्रूडी अंगणात सॉसेज भाजत होती आणि सासरेबुवा ग्लास घेऊन गॅरेजात पिंपाच्या नळापाशी उभे राहिले.

"ओढू?"

"बिनधास्त ओढा, ऑर्विल!"

फस्स! ग्लासात फेस, शर्टावर फेस, भुवयांवर फेस! दचकून त्यांनी असा हिसका दिला, की नळाचा दांडाच हातात आला.

"ट्रूडी! गॅस कमी कर!" मी ओरडलो.

ती धावत आली, तिनं स्क्रू गरागरा फिरवला आणि फवारा थेट छताला!

"अगं, वाढवतेस काय?"

"बंद करतेय! रोज करते तसा!"

"रोज?"

"मग! तू आपला रोज उघडा टाकून जातोस. गॅस वाया जाऊ नये म्हणून मीच येता-जाता घट्ट आवळते!"

आता हिला काय सांगू? हा स्क्रू नळासारखा नसतो हो, आवळला की दाब वाढतो! आठवडाभर मी सोडत होतो आणि ही आवळत होती. आमचा संसार इतक्या एकजुटीनं कधीच चालला नव्हता!

मी सिलिंडर बंद केला, पिंपावरची कडी ओढून उरलेला गॅस सोडला. पण हार मानली नाही! नळातून अजून गळणारा फेस हाताला लागलेल्या पातेल्यात धरला आणि डावानं ढवळत बसलो. फेस बसला. खाली उरलेल्या बिअरमध्ये बुडबुडा औषधालाही नव्हता. तीच ग्लासात ओतून मी सासरेबुवांपुढे धरली आणि "वेगळी आहे" ऐकायच्या तयारीनं मान खाली घातली.

ते प्यायले. सगळी प्यायले! मिश्या पुसल्या आणि ग्लास पुढे केला.

"दुसरा दे."

मला अक्षरशः भरून आलं. "आवडली, ऑर्विल?"

"अरे, फुगलेली बिअर सोसत नाही मला. डब्यातली तासभर उघडी ठेवतो, तेव्हा कुठे पिता येते. तुझा गॅस आज पहिल्यांदा बरोबर जमलाय," ते माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "गॅस अजिबातच नाही!"

माझ्याकडे दोन रेग्युलेटर आहेत. एक तर कोरा करकरीत. कुणाला हवे असतील तर सांगा.