बादलीतली हवा

सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि त्यांना जगायला हवा लागते. ती ब्लोअर लावून टाकीच्या तळातून अखंड सोडावी लागते, हे मी सांडपाणी केंद्रावर अभियंता झाल्यापासून जाणतो. जाणणं आणि करणं ही दोन वेगळी पदं आहेत. मी पहिल्यावर कायम आहे.

दुष्काळाच्या साली वरून आदेश आला. वीज वाचवावी, मात्र पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा दोनच्या खाली जाऊ देऊ नये. मी ब्लोअर बंद करायला सांगितले.

"साहेब, मरतेत ना ते जिवाणू," पुंजाराम म्हणाला. हा आमचा ऑपरेटर, रोज फुलंब्रीहून येतो.

"आदेशात जिवाणूंचा उल्लेख नाही. आकड्याचा आहे."

मग मीच अक्कल पाजळली. प्राणवायू मोजणारा दांडा टाकीतून काढून नळाच्या पाण्याच्या बादलीत उभा केला आणि त्यात माशांच्या पेटीतला छोटा पंप सोडला. आकडा थेट सात. टाकी काळी पडली, पण टाकीला कोण विचारतो? बादलीचं पाणी मात्र रोज बदलायचं, शहरात आठ दिवसांनी नळ येत असला तरी.

सात आकडा पाहून वरिष्ठ भारावले. इतकं चांगलं पाणी नाल्यात सोडणं पाप, असं बैठकीत ठरलं. ते आधी झाडांना गेलं, मग बांधकामांना, शेवटी टँकरनं नव्या वसाहतींना. 'वापरण्यास योग्य' या शेऱ्याखाली सही माझी.

"नका करू सही, साहेब. लेकरं आंघोळ करतेत त्यानं," पुंजाराम म्हणाला.

"पिण्यासाठी नाही, असं लिहिलंय ना खाली."

आमची वसाहत नवीच आहे. मंगळवारी बायकोचा, चारुताचा फोन आला.

"टँकरच्या पाण्यानं स्वरदाला आंघोळ घातली. अंगभर पुरळ उठलंय पोरीच्या. तक्रार कुणाकडं करायची?"

तक्रारी माझ्याकडंच येतात. आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतःची लाज वाटली, आणि हात सवयीनं रजिस्टरकडं गेला. आकडा सात. मी लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.'

मग पुंजारामला म्हणालो, "ती बादली रोज ताजी भरून माझ्या गाडीत ठेव."

"मंग दांडा कुठं ठिवू?"

"असू दे कोरडा. आकडा मी लिहितो."

तेव्हापासून स्वरदा बादलीच्या पाण्यानं आंघोळ करते आणि पुरळ गेलंय. तुमच्या वसाहतीची तक्रारही मिळाली, तीही निकाली काढली आहे. बादली मात्र एकच आहे.