शहातने इमारतीला लस टोचली

"माझ्या दारातून मला विचारल्याशिवाय मुंगीही आत जात नाही!" शुब्रा वस्तीतल्या सहामजली इमारतीचा दारवान शहात मिशीला पीळ देत सांगे. गॅसवाल्याच्याही सात पिढ्यांची तो चौकशी करी! मग रोगालाच आपण होऊन आत घ्यायचं? छे! शेजारच्या गल्लीत गोवर आला होता, लेक सबाह आपल्या वर्षभराच्या मुलीला, नवाराला, लस द्या म्हणून रडत होती, आणि नातीवर जीव टाकणारा हा आजोबाच आडवा आला होता.

"शहातकाका," तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर नेवीन जिन्यात थांबल्या, "लस म्हणजे हात बांधलेला चोर. चोरत काही नाही, पण शरीरातले दारवान त्याला ओळखून ठेवतात. मग खरा आला की धरलाच!"

"एकदा बघून लक्षात राहतो?"

"वर्षानुवर्षं!"

शहातला पटेना. करून बघायचं तर आपल्या इमारतीवरच! गावाहून नुकताच आलेला त्याचा मेहुणा बदावी इथे कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"दाजी, हात कशाला बांधता?"

"तू निरुपद्रवी ना! नुसती दारं खडखडव अन् खाली ये."

दुसऱ्याच मजल्यावर "चोर! चोर!" झालं. चपला आल्या, झाडू आले, चौथ्या मजल्यावरून मुलूखियाच्या पातळ भाजीचं पातेलं आलं, तेही भरलेलं!

"सोडा! तो अशक्त केलेला आहे!" शहात ओरडला. ऐकतो कोण!

चारच दिवसांनी ईद. नवी गलाबिया घालून, मिठाई घेऊन बदावी बहिणीला भेटायला आला. उंबऱ्यावर पाय पडतोय तोच वरून आरोळी आली, "तोच तो!" सलाम म्हणायच्या आत चपलांचा वर्षाव! शहात मात्र आनंदाने नाचायला लागला.

"लक्षात आहे! सगळ्यांच्या लक्षात आहे! सबाह, पोरीला घे, चल!"

लस टोचली. आठवड्याने नवाराचं अंग जरा तापलं, तेव्हा शहात तिला मांडीवर घेऊन बसला. "घाबरू नकोस गं, आतली मंडळी चेहरा बघून ठेवतायत," म्हणत तोच दर मिनिटाला तिचं कपाळ चाचपत होता. ताप उतरला. गल्लीतला गोवरही गेला, आणि नवाराच्या अंगावर साधी पुळीसुद्धा उठली नाही.

अडचण झाली ती बदावीची. हा माझा मेहुणा, असं शहातने दारोदार सांगितलं. सगळे हो हो म्हणाले. पण तो दिसला की हात आपोआप चपलेकडे जातो! बिचारा आता रस्त्यावरच थांबतो, आणि डॉक्टरीणबाई बाल्कनीतून दोरीने टोपली सोडून त्याला ईदची उरलेली काहक बिस्किटं देतात. परवा टोपली धरून त्याने वर बघत विचारलं, "डॉक्टरीणबाई, ही लस उतरते तरी कधी हो?"

उत्तराआधी चप्पल आली.