विलंबी संवत्सरीं ताल आडवा गेला त्याची हकीकत

॥ श्री नाद समर्थ ॥ नादाचे आधीं जें मौन, त्यास प्रथम नमन करोन लिहिणें ऐसें जे, शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, आश्विन मासीं, उत्तरेकडील एका थंड मुलखाचे राजधानींत क्युबा बेटीचे ढोलनायक एवेलिओराव यांणीं भर सभेंत नव्या चालीचा जाझ वाजवोन त्याचें ध्वनिमुद्रण करविलें, आणि त्यांत ताल आडवा गेला, आणि मग तो सरळ कैसा जाहला, हें आम्हीं डोळां पाहिलें. संवत्सराचें नांव विलंबी, आणि घडलेंही त्या नांवाजोगेंच, म्हणोन आरंभींच सांगोन ठेवितों. राजधानीचें नांव पुसूं नये. मुलूख भला आहे, उगाच त्याची शोभा करणें नाहीं.

एवेलिओराव वयानें पंचावन्न, देहानें सडपातळ, बोलणें थोडें. ऊंसाचें तें बेट सोडोन बावीस वर्षें जाहलीं होतीं आणि परत जाण्याचा परवाना मिळेना. मागें मातुश्री ओदिलियाबाई आणि भगिनी मिरेया. मातुश्रींचे कान उतरणीस लागले होते, आणि वैद्यानें सांगितलें कीं इंग्रजी नूतन वर्ष लागतां जें उरलें आहे तेंही जाईल, आणि मिरेयानें तें जैसेंच्या तैसें बंधूस कळविलें. रावांनीं आजपावेतों दुसऱ्यांचे पदरीं पुष्कळ वाजविलें, पण आपले नांवें एकही मुद्रण नव्हतें. मग त्यांणीं निश्चय केला कीं आपलें वाजविणें एकवार आईचे कानीं पडावें, मग कान मिटले तरी मिटोत. वाजविणारांची फौज पांच असामींची. सभागृह एकच दिवस मिळालें, तेंही तिसरे प्रहरीं, आणि दुसरे दिवशीं फौज चहूंकडे पांगणार. जें वाजेल तेंच मुद्रित होणार, दुसरी संधि नाहीं.

आतां एक खुबी सांगणें प्राप्त आहे. त्या बेटीचे गाण्याचे पोटांत पांच टोले असतात, त्यांस क्लावे म्हणतात. तीन टोले एका घरांत, दोन दुसऱ्या घरांत, आणि पुन्हा तीन, आणि पुन्हा दोन. बहुत वेळां ते कोणी वाजवीतही नाहीं, परंतु वाजविणारे सारे मनांत धरोन असतात. कोणतें गाणें तिनाचे घरोन उठतें, कोणतें दोनाचे. घर चुकलें म्हणजे ताल आडवा गेला म्हणतात, मांजर आडवें जावें तैसा. ही विद्या एवेलिओरावांस उस्तादानें दिली नाहीं. लहानपणीं मातुश्री उखळांत कॉफी कुटीत, आणि हे शेजारीं बसोन त्या ठोक्यांवर पत्र्याचा डबा बडवीत. हे आडवे गेले कीं मातुश्री मुसळ थांबवीत. रागें भरणें नाहीं, सांगणें नाहीं, मुसळ हातीं धरोन नुसत्या उभ्या. मग यांणीं आपलें घर आपण शोधावें, आणि मग मुसळ पुन्हा चालूं व्हावें. कॉफी रोज उशिरा होई म्हणोन वडील कुरकुरत, पण तें कोण ऐकतो.

तर नेमले दिवशीं सभागृहीं सहाशें माणूस जमला. उंच खिडक्यांतोन थंड मुलखाचें तिरपें ऊन येत होतें आणि रावांचे पितळी थाळ्यांवर निजलें होतें. पहिल्या दोन चिजा जाहल्या. पियानोवाले सिगुर्ड त्याच मुलखाचे, बोटें लांब, स्वभाव गरीब. त्यांणीं सूर सोडावे आणि रावांनीं ते तारांच्या कुंच्यांनीं हलकेच झाडोन घ्यावे, ऐसें चाललें. आम्हीं चौथे रांगेंत होतों. झोंप नव्हती, जागही म्हणतां येईना. आमचे पायाखालीं कोमट पाणी येतें आहे आणि खुर्च्या जागच्या जागीं डुलताहेत ऐसें वाटों लागलें, आणि शेजारची बाई पायांतले जोडे काढोन बसली, त्यावरोन तिलाही तेंच वाटलें असावें.

मग मातुश्रींचे नांवें बांधिलेली चीज निघाली. ती दोनाचे घरोन उठणारी. आणि येथें घात जाहला. कारभाऱ्यांनीं दारांत प्रत्येकास एक कागद दिला होता, त्यावर पांच टिंबें, आधीं तीन, मग दोन, आणि खालीं विनंती कीं रसिकांनीं टाळ्यांची साथ करावी. हेतु चांगला, पण रावांस कोणी सांगितलें नव्हतें. आणि तो मुलूख शिस्तीचा. कागद हातीं आला म्हणजे पहिल्यापासोन वाचावा, हें त्यांचे अंगीं मुरलेलें. ढोल वाजों लागतांच सहाशें जणांनीं पहिल्या टिंबापासोन टाळी धरिली, तीन आणि मग दोन, एकही टाळी मागेंपुढें नाहीं. एकजुटीनें चुकले. आम्हींही वाजविली. सारा जन्म कागदावर भरवसा ठेवोन काढिला, तेथें कसा सोडणार.

ताल आडवा गेला. सिगुर्ड कावरेबावरे होवोन रावांकडे झुकले आणि बोलिले, "लोकांकडे वळूं काय? दोन टोले गाळले कीं मिळोन जाईल."

राव बोलिले, "क्लावे वळवीत नसतात. आपण थांबूं."

आणि त्यांणीं छड्या मांडीवर ठेविल्या. मग सिगुर्ड थांबले, मग बाकीचे थांबले. टाळ्या कांहीं काळ तशाच चालल्या, मग विरळ जाहल्या, मग बंद. राव कोणावर रागावले नाहींत, खूण केली नाहीं. हात मांडीवर ठेवोन नुसते बसले. मुद्रणाचें यंत्र फिरतच होतें. आम्हीं अकरा श्वास मोजिले. सभागृहांत समुद्र भरला होता आणि त्याचा आवाज कोणीतरी काढोन घेतला होता, ऐसा तो समय, आणि आमची खात्री आहे कीं कॉफीचा वास आला. आम्हांस फार शरम वाटली आणि फार बरेंही वाटलें. मग मागील बाजूस एका म्हाताऱ्यानें कागद घडी करोन खिशांत घातला आणि हलकेच टाळी दिली. दोन. मग तीन. मग शेजारच्या बाईनें, मग आम्हीं, मग साऱ्यांनीं. तेव्हां रावांनीं छड्या उचलिल्या, आणि पुढें जें वाजलें तें लिहावयास आमची लेखणी अपुरी आहे.

दुसरे दिवशीं मुद्रणाच्या कारभारीण तूरिडबाई रावांस बोलिल्या, "चीज अप्रतिम आहे. ती मधली रिकामी जागा तेवढी कापतें. ऐकणारास वाटेल यंत्र बिघडलें."

राव बोलिले, "कापूं नका, बाई. तेथें माझी आई आहे."

बाईंस उमगलें नाहीं, पण कापलें नाहीं. मुद्रण बेटावर रवाना जाहलें. समुद्र मोठा आणि चौक्या पुष्कळ, पोंचतां माघ उजाडला, आणि तोंपावेतों मातुश्रींचे कान मिटले होते. वैद्याचें बोलणें खरें ठरलें. मिरेयानें तरीही मुद्रण ऐकविणारी पेटी मेजावर मांडिली आणि मातुश्रींचा तळहात धरोन पेटीवर ठेविला. मातुश्री बोलिल्या, "फडफडतें आहे कांहीं." आणि नुसत्या बसोन राहिल्या. मिरेयास रडें आवरेना. मग त्यांचे नांवाची चीज लागली, आणि थोडे वेळानें पेटी एकाएकीं गप जाहली. मिरेया कळ पाहावयास उठली, तोंच मातुश्रींनीं तिचें मनगट धरिलें आणि बोलिल्या, "राहूं दे." हात पेटीवरच. श्वास जैसा चालावा तैसा चालला होता, आणि मुखावर हंसें येत होतें. मग वळोन पुसिलें, "कोण चुकलें ग?" मिरेया उत्तर करणार तोंच पेटी पुन्हा थरथरूं लागली, आणि मातुश्रींनीं दुसरे हाताचीं बोटें मेजावर आपटिलीं, आधीं दोन, मग तीन, बरोबर घरांत. हें मिरेयानें बंधूस लिहिलें, आणि रावांनीं तें पत्र आम्हांस दाखविलें, आणि दाखवितांना त्यांचेकडे पाहणें आम्हीं टाळिलें.

सारांश, चीज एक, चूक एक, मौन अकरा श्वासांचें. मातुश्रींनीं पुसिलें होतें, त्यास उत्तर अद्याप कोणी दिलें नाहीं, म्हणोन इतका कागद लिहिला. आम्हीं चुकलों, मातुश्री. चौथी रांग, नववी खुर्ची.