भिंतीवरचा कायोटी

"माझ्या अंगणात कायोटीला यायचं असेल ना, तर आधी त्याला पंख फुटायला हवेत!"

डेल्फिनो उर्किदेसनं शिडीवर उभं राहून हे जाहीर केलं. सांगायचं होतं फक्त बायकोला, पण ऐकू गेलं अख्ख्या गल्लीला. जन्मभर टूसॉनमध्ये शाळेची बस चालवलेला माणूस तो! शेवटच्या सीटवरच्या पोराला खाली बसवायला त्याला कधी माइक लागला नव्हता.

शिडीखाली त्याची बायको अंपारो उभी होती आणि तिच्या कडेवर पुल्गा होती. पुल्गा म्हणजे पिसू. कुत्रीही तेवढीच! ओंजळीत मावेल एवढी चिवावा, कान मात्र दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे.

"पंखांचं राहू दे, म्हाताऱ्या. हे फिरतं का, ते बघ."

डेल्फिनोनं भिंतीच्या माथ्यावर तारेत ओवलेल्या जाड पाइपाला टिचकी मारली. पाइप गरगर फिरला. युक्ती साधी होती. कायोटी म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा रानकुत्रा; तो उडी मारून भिंतीच्या माथ्याला पंजे अडकवतो आणि अंग वर ओढून घेतो. आता माथाच फिरायला लागला, तर पंजे सटकणार आणि साहेब मागच्या बोळात उताणे!

"आणि ही बाजू?" अंपारोनं शेजारच्या घराला लागून असलेली भिंत दाखवली. तिच्यावर पाइप नव्हता.

"पाइप संपला. आणि तिकडं बाई राहतात, कायोटी नाही."

अंपारोला हसू आलं नाही. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचं मांजर नुकतंच नाहीसं झालं होतं. मागच्या कोरड्या ओढ्यात त्याच्या गळ्यातला पट्टा तेवढा सापडला. हल्ली कायोटी भरदिवसा घरांमागून फिरत होते, भाड्यानं जागा बघायला आल्यासारखे. आणि नेमकं आताच तिला भाचीच्या बाळाच्या बारशाला नोगालेसला जायचं होतं. भाचीला कुत्र्याच्या केसांनी शिंका येत, म्हणून पुल्गा घरीच राहणार होती. म्हणजे डेल्फिनोपाशी.

"बाहेर नेलीस तर दोरी हातात. दिवस कलल्यावर एकटी सोडायची नाही. काटेरी जाकीट घातल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि झाडाखालची अंजिरं उचलून टाक, त्या वासानं येतात ते."

"अगं म्हातारे, बसभर पोरं सांभाळलीयत मी. ही वीतभर कुत्री काय जड आहे?"

"तुझ्या पोरांना कुणी खायला टपलेलं नव्हतं!" अंपारो म्हणाली आणि पुल्गाच्या कपाळाचा मुका घेऊन गाडीत बसली.

गाडी वळते न वळते तोच पाइप नसलेल्या भिंतीवर एक उन्हाळी टोपी उगवली. टोपीखाली हॉल्वरसनबाई. या बाई थेट मिनेसोटाच्या बर्फातून इथं वाळवंटात राहायला आल्या होत्या. स्वभाव इतका मऊ की वाक्य सुरू करण्याआधीच माफी मागत. उर्किदेसचं मात्र त्या आपल्या उच्चारात उर्किडीज करत.

"माफ करा, मिस्टर उर्किडीज. कायोटी अगदी समोरच आला तर हो काय करायचं?"

असा प्रश्न विचारणारं माणूस डेल्फिनो कितीतरी दिवस शोधत होता.

"पहिली गोष्ट, पळायचं नाही! पाठ दाखवली की संपलं. हात वर करायचे, अंगानं दुप्पट व्हायचं. भांडी बडवायची. आणि पाण्याची नळी, थेट तोंडावर!"

"तोंडावर? बिचाऱ्याच्या?"

"दया नाही दाखवायची. तो थांबतो, गयावया केल्यासारखं तोंड करतो. फसायचं नाही! पळून जाईपर्यंत सोडायचं नाही. आणि ओरडायचं. 'चालता हो' म्हणून."

बाईंनी घसा साफ केला. "कृपया चालता हो."

"कृपया काढा."

"चालता हो... हं?"

"हं पण काढा! पोटातून येऊ द्या, पोटातून!"

बाईंनी मनापासून मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम विचारलं, कारण आज माझ्या भावाचा कुत्रा येतोय राहायला. वेंडेल. लांब पायांचा, मातकट रंगाचा आणि फार लाजाळू आहे हो. दिसायला तर अगदी..."

"नव्या जागी सगळेच लाजतात!" डेल्फिनो म्हणाला आणि पाइपाचं वर्णन करायला लागला. बाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. ते पूर्ण ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सल्ला देणाऱ्या माणसाला ऐकायला सवड कुठं असते!

दिवस कलला. डेल्फिनोनं पुल्गाला जाकीट चढवलं. पाठभर प्लास्टिकचे अणकुचीदार काटे, मानेवर ताठ उभे केस. पाय फुटलेलं निवडुंगच! तिला अंगणात सोडून, हातात मांस भरलेल्या पोळीचा बुरिटो घेऊन तो कचऱ्याचा डबा ढकलत मागच्या बोळात गेला. भिंतीला पाइप, अंगाला काटे. आता काय लष्कर बोलवायचं?

मागं अंगणाचं दार आपोआप लागलं. कडी आतून बसली. डेल्फिनोला त्याचा पत्ताच नव्हता, कारण त्याला समोर काहीतरी दिसलं होतं.

हॉल्वरसनबाईंच्या अंगणाचं बोळाकडचं दार किलकिलं होतं आणि त्याच्यासमोर एक लांब पायांचा, मातकट रंगाचा प्राणी उभा होता. लाजल्यासारखा, तिरका.

"वेंडेल!" डेल्फिनोनं हाक मारली.

प्राण्यानं कान टवकारले.

"नाव ओळखतो की! सुटलास होय रे, लबाडा? चल, घरी चल."

वेंडेल हलेना. डेल्फिनोनं बुरिटोचा एक तुकडा दारातून आत टाकला. वेंडेलनं दाराकडं पाहिलं, डेल्फिनोकडं पाहिलं, मग तुकड्याकडं पाहिलं. दुसरा तुकडा आणखी आत पडला तेव्हा तो आत गेला. डेल्फिनोनं दार ओढून घेतलं. कडी लागली.

"गळ्यात पट्टासुद्धा नाही," तो पुटपुटला. "इथं कायोटी फिरतायत, आणि ही माणसं!"

मग शेजारधर्म पुरा करायला तो वळसा घालून बाईंच्या पुढच्या दाराशी गेला आणि घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं.

"तुमचा वेंडेल सुटला होता! मी आत घातलाय मागून. काळजी करू नका."

"वेंडेल?" बाई म्हणाल्या. "पण वेंडेल तर हा."

त्यांच्या गुडघ्यामागून लांब पायांचा, मातकट रंगाचा एक प्राणी डोकावत होता. गळ्यात लाल पट्टा. डेल्फिनोनं वेंडेलकडं पाहिलं. वेंडेलनं डेल्फिनोकडं पाहिलं आणि तो बाईंच्या झग्यात तोंड लपवायला लागला.

"दोन आहेत का तुमच्याकडं?"

"एकच. कायोटीसारखा दिसतो म्हणून तर सकाळी मी सांगत होते..."

ज्याच्यासाठी एवढी पाइपांची तटबंदी केली, त्याला डेल्फिनोनं स्वतः बोटाला धरून, जेवू घालून आत नेलं होतं! आणि आता कायोटी आणि पुल्गा यांच्यामध्ये होती ती फक्त बिनपाइपाची भिंत.

"तुम्ही घरातच थांबा!" तो ओरडला आणि धावत सुटला.

स्वतःच्या घराचं पुढचं दार बंद. किल्ली आत. बोळातून मागच्या दाराशी आला, ते बंद. त्यानं भिंतीवरून हाक मारली, "पुल्गा! ए पुल्गा!"

काहीच नाही. झाडाचं पान पडलं तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना उठवणारी ती कुत्री. तिचा आवाज नाही!

आता उरली भिंत. डेल्फिनोनं कचऱ्याचा डबा भिंतीला लावला, त्यावर चढला आणि माथ्याला दोन्ही हात घातले. पाइप फिरला. डेल्फिनो खाली! पुन्हा चढला. या वेळी कोपरं टाकली. कोपरं सटकली. मग त्यानं जीव खाऊन उडी घेतली आणि पोटावर आडवा पडला. पाइप गरगर फिरायला लागला आणि लाटण्यावरच्या कणकेच्या गोळ्यासारखा डेल्फिनो पुढं मागं व्हायला लागला. पुढं गेला की आतलं अंजिराचं झाड दिसायचं, मागं आला की बोळ. तोंडानं पाइप बसवणाऱ्याला शिव्या चालल्या होत्या आणि बसवणारा तोच होता!

हा धडधडाट हॉल्वरसनबाईंनी स्वयंपाकघरात ऐकला. घरात थांबा असं सांगितलेलं होतं. पण शेजारी संकटात आणि आपण खिडकीआड, हे मिनेसोटाच्या माणसाला जमत नाही. त्यांनी एका हातात तवा घेतला, मागचं दार उघडलं आणि अंगणातली नळी उचलली. संधिप्रकाशात त्यांना बोळाच्या दाराशी मातकट प्राणी दिसला.

"वेंडेल! माझ्या मागोमाग बाहेर आलास होय? बाजूला हो राजा, तुला लागेल!"

त्यांनी बोळाचं दार उघडलं. आणि शेजारच्या भिंतीवर, अगदी माथ्यावर, काहीतरी मोठं, भुरकट, केसाळ डोक्याचं लोंबकळत गुरगुरत होतं.

बाईंनी हात वर केले. अंगानं दुप्पट झाल्या. तवा भिंतीवर असा बडवला की अख्ख्या गल्लीतले दिवे लागले.

"चालता हो!"

कृपया नाही, हं नाही. थेट पोटातून! पाठोपाठ पाण्याची धार. डेल्फिनोनं सांगायला तोंड वळवलं, "बाई, मी आहे, मी..." पण धार तोंडातच गेली आणि बाहेर आलं ते नुसतं "ब्बळ्ळ ब्बळ्ळ". त्यानं केविलवाणं तोंड करून एक हात जोडल्यासारखा केला.

बाईंना लगेच आठवलं. गयावया करतो. फसायचं नाही!

त्यांनी नळीची तोटी आणखी सोडली. पाइप फिरला आणि डेल्फिनो धप्पकन डब्यावर, डब्यासकट बोळात आडवा झाला. त्याच वेळी बाईंच्या मागून तो मातकट प्राणी शांतपणे बाहेर आला. चिखलातल्या डेल्फिनोपाशी क्षणभर थबकला, त्याला हुंगलं, बुरिटो उरलेला नाही अशी खात्री केली आणि दुडक्या चालीनं ओढ्याकडं निघून गेला.

"वेंडेल! परत ये!" बाई ओरडल्या.

आणि घराच्या आतून वेंडेल भुंकायला लागला.

नळी खाली आली. "मिस्टर उर्किडीज? तुम्ही आहात? मग तो कोण गेला?"

"बाई," डेल्फिनो जमिनीवरूनच म्हणाला, "आता मला काही विचारू नका. कोण कोण आहे ते मला आता माझ्याबद्दलसुद्धा नक्की सांगता येत नाही!"

बाईंनी खुर्ची आणली. मधल्या भिंतीवरून डेल्फिनो आपल्या अंगणात उतरला. अंगण रिकामं होतं. झाडामागं नाही, कुंड्यांमागं नाही. मग मधल्या भिंतीच्या पायथ्याशी त्याला ते दिसलं. काटेरी जाकीट. रिकामं. काही काटे वाकलेले.

डेल्फिनो तिथंच मातीत बसला. गेली कित्येक वर्षं तो सगळ्यांना सांगायचा, "ती बायकोची कुत्री, माझा काही संबंध नाही." पण बस सोडून घरी बसला, सकाळी उठून कुठं जायचं ते कळेना, तेव्हापासून ती रोज त्याच्या चपलेवर डोकं टेकून झोपत होती. आणि तो ती चप्पल हलवत नसे. घरात फोन वाजायला लागला. अंपारोच असणार. तो वाजत राहिला आणि डेल्फिनोला उठवेना. अंगावरून पाणी गळत होतं. त्यातलं सगळं नळीचं नव्हतं.

"मिस्टर उर्किडीज," भिंतीपलीकडून बाईंचा दबका आवाज आला. "माफ करा. पण वेंडेल भुंकायचा थांबतच नाही. जरा येता का? मला काही कळेनासं झालंय."

कळेनासं तर त्यालाही झालं होतं. पण तो गेला. स्वयंपाकघरात वेंडेल स्वतःच्या गादीपुढं उभा राहून रडक्या सुरात तक्रार करत होता. आणि गादीच्या बरोब्बर मधोमध, उघडीवाघडी, पाय ताणून पुल्गा झोपली होती!

मधल्या भिंतीच्या पायथ्याशी पावसाचं पाणी जायला एक भोक होतं. दुपारी आणलेलं वेंडेलचं सामान बाई दिवस कलल्यावर आत नेत होत्या, तेव्हा त्यांचं मागचं दार उघडं होतं. काटे अडकले म्हणून बाईसाहेबांनी जाकीट उतरवून ठेवलं होतं आणि सरळ पाहुण्याच्या बिछान्यात येऊन पडल्या होत्या. भिंतीच्या वरून कोण येईल याचाच विचार करणाऱ्या डेल्फिनोनं खालून कोण जाईल हे पाहिलंच नव्हतं!

"पुल्गा! माझी सोनुली!" डेल्फिनो दोन्ही हात पसरून धावला.

पुल्गानं डोळे उघडले. समोर चिखलानं माखलेलं, केस उभे राहिलेलं, ओरडणारं काहीतरी अंगावर येत होतं. ती ताडकन उभी राहिली आणि अशी भुंकली, की डेल्फिनो आणि वेंडेल दोघंही एकदमच मागं सरले!

बारसं आटोपून अंपारो परत आली तेव्हा पुल्गा धडधाकट होती. नवरा जरा लंगडत होता, पण तो म्हणाला, "कंबर धरलीय." हॉल्वरसनबाईंनी तोंड उघडायचं नाही असं कबूल केलं होतं आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. पण गल्लीत दिवे लागले होते, ते काही उगीच नाही. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर डॉक्टरीणबाईंनी अंपारोला गाठलंच.

"तुमचं पाहायचं हुकलं हो! एवढा अवाढव्य कायोटी मी जन्मात पाहिला नाही. पार भिंतीवर चढला होता, आणि आवाज तर अगदी माणसासारखा! या हॉल्वरसनबाईंनी एकटीनं पळवला. गल्लीच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांना कायोटी हुसकायला त्याच शिकवणार आहेत."

हॉल्वरसनबाई आपल्या बुटांकडं बघत राहिल्या. अंपारो नवऱ्याकडं वळली.

"तू तर घरीच होतास ना, म्हाताऱ्या? तू नाही पाहिलास?"

"जवळून," डेल्फिनो म्हणाला.

"खरंच एवढा मोठा होता?"

डेल्फिनोनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

"असेल," तो म्हणाला. "साधारण माझ्याएवढा."